मंडळ लहान, श्रोता जाणकार

भाऊसाहेबांना स्वतःसाठी काही मागता येत नाही. भाजीवाल्याने पिशवीत दोन किडकी वांगी टाकलेली दिसली तरी ते गप्प राहतात. एसटीत आपल्या आरक्षित जागेवर दुसराच कुणी डोळे मिटून बसलेला असला, तर स्वारगेटपर्यंत उभ्याने जातात. त्याची झोप कशाला मोडायची! पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, पण हक्काची रजा मागतानासुद्धा त्यांचा अर्ज ‘सविनय’पासून सुरू व्हायचा आणि ‘तसदीबद्दल क्षमस्व’वर संपायचा.

आणि हाच माणूस, हातात संगीत मंडळाचं पावतीपुस्तक आलं की कुणाला ओळखू येत नाही. साताऱ्यात राजपथापासून पोवई नाक्यापर्यंत असं एक दुकान नाही, जिथे त्यांनी ‘यंदा तुमचं काय लिहू?’ असं विचारलेलं नाही. ‘देणार का?’ असा प्रश्न त्यांच्या भाषेत नाहीच. एकदा एक सराफ पाय मोडून घरी पडले होते. भाऊसाहेब मोसंबी घेऊन भेटायला गेले, प्लास्टरवरून मायेने हात फिरवला आणि म्हणाले, ‘दीड महिना सक्तीची विश्रांती म्हणजे तसा वेळच वेळ. स्मरणिकेतल्या जाहिरातीचा मजकूर लिहून टाका. पान मागचंच ठेवतो, रंगीत.’ सराफांनी लिहून दिला. मोसंबीचे पैसे भाऊसाहेबांनी स्वतःच्या खिशातून दिले होते. ते मंडळाच्या खर्चात लावा असं मी सुचवल्यावर इतके ओशाळले, की मलाच काही वावगं बोलल्यासारखं झालं.

असे भाऊसाहेब फक्त साताऱ्यातच आहेत असं नाही. चिपळूणपासून चंद्रपूरपर्यंत ज्या ज्या गावात वर्षाकाठी चार-सहा वेळा सतरंजी पसरून गाणं होतं, तिथे ते आहेतच. कुठे ते निवृत्त मुख्याध्यापक असतात, कुठे दातांचे डॉक्टर, कुठे औषधांच्या दुकानाचे मालक. नाव कार्यवाह, चिटणीस किंवा सेक्रेटरी, काम एकच. अध्यक्ष बदलतात, गायक बदलतात, नाट्यगृहाचं भाडं तर दरवर्षी बदलतं. पण निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात, बारीक टाइपात असलेलं ते एक नाव बदलत नाही.

भाऊसाहेब स्वतः गात नाहीत. तरुणपणी तबला शिकायला लागले, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण दिली आणि तिथेच थांबले. नोकरीत कालव्याच्या पाण्याची आवर्तनं मोजली, संध्याकाळी तीनतालाची. पुढे त्यांच्या लक्षात आलं की गावात तबला वाजवणारे चौदा जण आहेत, पण तबलजीला स्टेशनवरून आणणारा एकही नाही. ती जागा रिकामी होती, ती त्यांनी धरली.

त्यांचा खरा रियाज फोनवर चालतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कलाकाराला लहान गावाचं मंडळ बोलावणार कसं? मानधन परवडत नाही. यावर भाऊसाहेबांनी शोधलेला उपाय भौगोलिक आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव, धारवाड इथल्या सगळ्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका ते मागवून घेतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने नोंदी करतात. मग योग्य वेळी फोन जातो. ‘बुवा, शनिवारी कोल्हापूरला आहात म्हणे. म्हणजे रविवारी परतताना साताऱ्यावरूनच जाणार. महामार्गच तसा आहे, तुमचाही इलाज नाही आणि आमचाही. पुढे खंबाटकीच्या बोगद्यापाशी रविवारी संध्याकाळी काय गर्दी असते! त्यात अडकण्यापेक्षा आमच्याकडे थोडं बसा, गर्दी ओसरली की निघा.’ या ‘थोडं बसा’चा अर्थ दोन ख्याल, एक नाट्यपद आणि भैरवी असा होतो, हे बुवांना सातारा आल्यावर कळतं. आणि मानधनाचा विषय निघालाच, तर भाऊसाहेबांचं ठेवणीतलं वाक्य येतं : ‘आपलं मंडळ लहान आहे, पण श्रोता जाणकार आहे.’ हे वाक्य ऐकून नाही म्हणणारा कलाकार मी पाहिलेला नाही. नाही म्हणणं म्हणजे जाणकार श्रोत्याला घाबरणं. डिसेंबरात मात्र ते फोन करत नाहीत. ‘सवाई’चे दिवस, तेव्हा कुणाच्या तारखा मागणं म्हणजे वारीच्या दिवशी पंढरपुरात खोली मागणं.

कलाकारांची त्यांनी एक वही केली आहे. जुन्या खतावणीत प्रत्येकाला एक पान. ‘काळी एक. साखर नाही. दही नाही. गाडीत पुढची सीट. जेवण कार्यक्रमानंतर, पण भूक आधीच लागते.’ ‘पांढरी पाच. सोबत दोन शिष्या. थंड पाणी समोर दिसताही कामा नये.’ ‘काळी दोन. हार्मोनिअमवाल्याशी सध्या बोलत नाहीत, दोघांना वेगळ्या गाडीने आणणे.’ हिंदुस्थानी संगीताचा इतका विश्वासार्ह इतिहास दुसरीकडे लिहिलेला नसेल; छापता मात्र येणार नाही.

पैसे मागण्याच्या कामात भाऊसाहेबांचं दैवत विष्णु दिगंबर पलुसकर. कुणी दुकानदार ‘हल्ली हे कोण ऐकतं हो!’ म्हणाला, की भाऊसाहेब खुर्ची ओढून बसतात. ‘पुण्यात गायन समाज निघाला 1874 साली. कोल्हापुरात देवल क्लब 1883 साली. तेव्हाही लोक हेच म्हणत असणार. आणि पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते काय संस्थानिकाच्या तिजोरीवर? लोकांपुढे झोळी धरली, जलसे केले. मागितलं म्हणून झालं.’ पुढे पलुसकरांच्या मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली, हा भाग भाऊसाहेब सांगत नाहीत. एवढं ऐकेपर्यंत दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं आणि मालक गल्ला उघडतो.

मंडळाच्या तिजोरीला खरा धक्का बसला तो मात्र एका उदात्त कल्पनेने. नव्वदच्या आसपास कधीतरी मंडळाने आजीव सभासद करून घेतले. वर्गणी पाचशे एक रुपये, एकदाच; आयुष्यभर गाणं फुकट. तेव्हा बँकेत ठेवीवर दहा-अकरा टक्के व्याज मिळायचं, त्यामुळे हिशेब बरोबर होता. पुढे व्याज उतरलं आणि सभासद मात्र उतरले नाहीत. शास्त्रीय संगीताने रक्तदाब ताब्यात राहतो असं म्हणतात. आमच्या मंडळापुरतं तरी ते खरं ठरलं. पंचाऐंशीच्या घरातले आजीव सभासद काठी टेकत पहिल्या रांगेत येऊन बसतात. भाऊसाहेब त्यांना हाताला धरून आणतात, पाठीशी उशी देतात, मध्यंतरात चहा आणून देतात आणि परत येऊन माझ्या कानात म्हणतात, ‘काय तब्येत आहे हो! पाचशे एकात!’ त्यांच्या आवाजात कौतुक किती आणि काळजी किती, ते त्यांनाही सांगता येणार नाही. पण यातले कुणी एखाद्या कार्यक्रमाला दिसले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब त्यांच्या घरी हजर असतात. आणि तेव्हा पावतीपुस्तक बरोबर नसतं.

मंडळ नोंदलेलं आहे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. या कायद्याने संस्थेला किमान सात माणसं लागतात. ‘सात सूर, सात सभासद!’ हा भाऊसाहेबांचा विनोद. तो दर वार्षिक सभेत होतो आणि त्याची इतिवृत्तात नोंद होत नाही, एवढंच. सभेची सूचना ठरलेली : ‘सायंकाळी पाच वाजता गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल, तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ त्यामुळे पाचला कुणीच येत नाही आणि बटाटेवडे साडेपाचलाच सांगितलेले असतात. हिशेब वाचला जातो. ‘किरकोळ खर्च म्हणजे काय?’ असा प्रश्न दरवर्षी तेच एक गृहस्थ विचारतात आणि भाऊसाहेब सेफ्टी पिनांपासून यादी वाचायला सुरुवात करतात. तिसऱ्या ओळीला प्रश्न मागे घेतला जातो. मग भाऊसाहेब खिशातून घडी घातलेला कागद काढतात. तो राजीनामा. ‘आता तरुणांनी पुढे यावं.’ सभेतला सर्वांत तरुण सभासद एकसष्ट वर्षांचा असतो; तो वड्याकडे बघू लागतो. राजीनामा एकमताने नामंजूर होतो. भाऊसाहेब कागदाची घडी पूर्वीच्याच रेघांवर घालतात आणि परत खिशात ठेवतात. घड्यांवर कागद फाटायला आला, तेव्हा त्यांनी त्याला आतून चिकटपट्टी लावून घेतली.

मंडळाच्या मालकीची स्थावर मालमत्ता शून्य. जंगम मालमत्तेत दोन तंबोरे, एक समई, सरस्वतीची तसबीर आणि एक कपाट. तंबोरे मिरजेचे. त्यांची जवारी काढायची वेळ आली की भाऊसाहेब स्वतः ते घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत जातात. कुरियरवर त्यांचा विश्वास नाही. गाडीत तंबोरा उभा धरून, भोपळा दोन्ही गुडघ्यांत घेऊन बसतात. एकदा समोरच्या आजींनी विचारलं, ‘केवढ्याला घेतला?’ भाऊसाहेब उत्साहाने लाकूड, तारा, भोपळा कसा वाळवतात हे सगळं सांगू लागले. ऐकून घेऊन आजी म्हणाल्या, ‘आमच्याकडं परसात हुतोय की असला. एवढा म्हाग न्हाई.’ 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा भाऊसाहेबांनी कंदी पेढे वाटले. पेढे दुकानातून मंडळाला देणगीदाखल आलेले होते. वाटून झाल्यावर म्हणाले, ‘आता दुरुस्तीचे दर वाढणार.’

हल्ली तरुण कलाकार मोबाइलवरच तंबोरा लावतात. भाऊसाहेबांना ते मान्य नाही. कारण कलेचं नाही, अनुभवाचं आहे. एका कार्यक्रमात मारव्याची आलापी ऐन रंगात असताना तंबोरा एकदम बंद पडला आणि कर्ज हवं आहे का असं विचारणारा फोन वाजू लागला. गायकाने डोळे उघडले. भाऊसाहेब विंगेतून म्हणाले, ‘विचारा, मंडळाला देतात का?’

कार्यक्रमाच्या दिवशी भाऊसाहेबांच्या खांद्याला शबनम असते. तिच्यात पावतीपुस्तक, शिक्का, चिकटपट्टी, सुतळी, काडेपेटी, माइकचे सेल, तबल्यासाठी पावडर, गायकासाठी ज्येष्ठमध आणि खडीसाखर, आणि ‘राखीव’ असं लिहिलेले आठ कागद. हे कागद पुढच्या सोफ्यावर लावायचे. राखीव जागांवर ज्यांनी यायचं ते जाहिरातदार बहुधा येत नाहीत; आले तर दीपप्रज्वलनाचा फोटो होताच उठतात. मग भाऊसाहेब दारापाशी उभ्या असलेल्या तबल्याच्या क्लासच्या पोरांना खूण करतात, आणि सोफ्यावर सहा पोरं कोंबून बसतात. त्यांना भाऊसाहेब दटावतात ते एवढंच : ‘समेवर मान हलवायची, चुकीच्या जागी नाही. गायकाला समोरून सगळं दिसतं.’

समई पंख्याच्या वाऱ्याने विझते, पंखा बंद केला की पाहुणे घामाने विझू लागतात. निमंत्रणपत्रिकेवर ‘शास्त्रीय’चं ‘शस्त्रीय गायन’ झालेलं असतं. त्यावर भाऊसाहेबांचं म्हणणं, ‘तिसऱ्या सप्तकात गेल्यावर कळेल.’ शालींची व्यवस्थाही पक्की आहे. अध्यक्षांच्या घरी सत्कारात मिळालेल्या शालींनी कपाट भरलं, की त्यांच्या सौभाग्यवती चार शाली मंडळाकडे पाठवतात, त्या पुढच्या पाहुण्यांच्या खांद्यावर जातात. एकदा एका पाहुण्यांनी आपलीच जुनी शाल घडीवरून ओळखली. खूप भरून आलं त्यांना. काय म्हणून, ते आम्ही विचारलं नाही.

भाऊसाहेबांची कारागिरी खरी दिसते ती आभारप्रदर्शनात. इतर मंडळांत आभार शेवटी असतात, म्हणजे ते रिकाम्या खुर्च्यांचे मानले जातात. आमच्याकडे आभार भैरवीच्या आधी. भैरवी न ऐकता उठणं शिष्टाचाराला धरून नाही आणि आभार ऐकल्याशिवाय भैरवी मिळत नाही. या कोंडीत भाऊसाहेब नाट्यगृह, नगरपालिका, वीज मंडळ, वर्तमानपत्रं, मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले आणि ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतक’ यांना सावकाश, एकेक करून गाठतात. थकलेल्या वर्गणीचा उल्लेख ‘ज्ञात’ आणि ‘अज्ञात’च्या मध्ये येतो.

बातमी मात्र ते कार्यक्रमाच्या आधीच लिहून ठेवतात, वर्तमानपत्राची वेळ गाठायची असते म्हणून. ‘बहारदार गायनाने रसिक मंत्रमुग्ध.’ एका श्रावणात पाऊस एवढा झाला की घाटात दरड येऊन बुवा पलीकडेच अडकले. कार्यक्रम रद्द झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात रसिक मंत्रमुग्ध झालेले होतेच, शिवाय प्रचंड प्रतिसादही लाभला होता. बुवांनी ती बातमी वाचून पुण्याहून फोन केला आणि विचारलं, ‘भाऊसाहेब, मी काय गायलो?’ ‘मियाँ मल्हार,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘पाऊस पाहिलात ना?’ पुढच्या महिन्यात बुवा आले आणि मानधन न घेता गाऊन गेले.

कोजागरीचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात असतो आणि त्या रात्री श्रोते तिप्पट येतात, मसाला दुधाला. उघड्यावरचा कार्यक्रम असल्याने 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. भाऊसाहेब पावणेदहापासूनच गायकासमोर मनगट वर करून उभे राहतात, आणि मुरलेला गायक नेमके तेव्हाच डोळे मिटतो. एका वर्षी बाईंचा मालकंस असा काही लागला होता, की दहा वाजले तरी कुणी हलेना. भाऊसाहेबांनी शांतपणे जाऊन खटका बंद केला. बाई क्षणभर थांबल्या, आणि माइक बाजूला सारून पुन्हा गाऊ लागल्या. मागची माणसं उठली, सतरंज्या ओढत पुढे आली. खुर्चीशिवाय बसता न येणारे आजीव सभासदसुद्धा जमिनीवर बसले. तासभर ते गाणं तसंच चाललं आणि दुधावर जाड साय आली तरी कुणी पातेल्याकडे फिरकलं नाही. नंतर पेले वाटता वाटता भाऊसाहेब मला म्हणाले, ‘बघा, माइकचं भाडं उगाच दिलं.’ पण बोलताना त्यांचा आवाज नीट लागत नव्हता.

कलाकार उतरतात भाऊसाहेबांच्याच घरी. लॉजचे पैसे वाचतात, हे कारण कागदोपत्री. सगळ्या सातारा शहराकडे बेधडक मागणाऱ्या या माणसाची वाचा फक्त एका ठिकाणी बसते. ‘चार माणसं जेवायला आहेत’ हे वाक्य वहिनींना सांगण्यासाठी ते सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत असतात. वहिनी पोळ्यांची कणीक आधीच जास्त भिजवून ठेवतात आणि ते घुटमळणं पुरतं पाहून घेतात. भल्या पहाटे पाहुणा खर्ज लावून बसतो, तेव्हा हे जिन्याच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेले असतात. ‘कालच तर ऐकलंत दोन तास,’ वहिनी म्हणतात. यावर उत्तर असं : ‘काल दारावर होतो. आत किती जण आले ते विचार, सांगतो.’

मागच्या वर्षी कार्यकारिणीने गुपचूप ठरवलं की भाऊसाहेबांचा सत्कार करायचा. गुपचूप हे दोन दिवस टिकलं. नाट्यगृहाची तारीख कुणाला मिळेना, ती भाऊसाहेबांनी मिळवून दिली. स्वस्तात शाल कुठे मिळते हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ती त्यांनीच आणली आणि ‘जरा बरी घेतली असती तरी चाललं असतं’ असं आम्ही म्हणाल्यावर ‘कुणासाठी?’ असं विचारलं. मानपत्राचा मसुदाही शेवटी त्यांच्याकडेच गेला. त्यात विशेषणं होती तिथे त्यांनी तारखा घातल्या. एकच गोष्ट आम्ही त्यांच्यापासून लपवू शकलो. गावातल्या लोकांकडून, दुकानदारांकडून, मोडक्या पायाच्या सराफांकडून आम्ही त्यांच्यासाठी थैली जमवली. मागायला गेलो तेव्हा ‘किती लिहू?’ एवढंही आमच्या तोंडून फुटत नव्हतं. लोकांनीच विचारलं, ‘भाऊसाहेबांसाठी ना? मग असे चाचरता काय?’

समारंभात अध्यक्षांनी थैली दिली. भाऊसाहेबांचे कान लाल झाले. ती घ्यायची कशी आणि धरायची कुठल्या हातात, हे त्यांना कळेना. मग सवयीने हात शबनममध्ये गेला, पावतीपुस्तक निघालं, आणि व्यासपीठावर उभ्या उभ्या त्यांनी मंडळाच्या नावे पूर्ण रकमेची पावती फाडली. देणगीदाराचं नाव : ‘एक रसिक.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनींनी पहिल्या रांगेत कपाळावर हात मारून घेतला, पण हसत होत्या. भाषण करा म्हटल्यावर त्यांनी माइक हातात घेतला, दोन वाक्यांत सगळ्यांचे आभार मानले आणि तिसऱ्या वाक्यात पुढच्या रविवारचा कार्यक्रम जाहीर केला.

भैरवी झाली आणि आम्ही हार घेऊन त्यांना शोधू लागलो, तर सत्कारमूर्ती व्यासपीठावर नाहीत. खांद्यावर शाल तशीच, आणि ते बाहेरच्या एकुलत्या एका उघड्या दारात उभे. वर्गणी थकवलेले सगळेच सभासद इतक्या वर्षांत प्रथमच एका छताखाली आले होते, आणि शेजारचं दुसरं दार भाऊसाहेबांनी आधीच बंद करून घेतलं होतं.